वरल्या शेताचे चार कोपरे

ये मीनू, अशी जवळ ये. कागद हातात धरून उभ्या उभ्या वाचू नकोस, बूड टेकव कुठेतरी. होळीला येते म्हणालीस, आली नाहीस. त्याआधी दिवाळीला फोन केलास तोही बस पकडता पकडता, निम्मं बोलणं कंडक्टरशी आणि निम्मं माझ्याशी. सुरतेच्या दवाखान्यात नर्स झालीस, चांगलंच झालं, पण म्हातारीला असं विसरायचं असतं का गं? तू मला तीनदा विचारलंस, "सेवंतीआजी, माझ्या आजीचं वरलं शेत गेलं कसं?" आणि तिन्ही वेळा मी चहा ठेवायच्या निमित्ताने उठले. तोंडाने सांगायला गेले तर पुन्हा चहाच ठेवेन. म्हणून लिहितेय. अक्षर वाकडं आहे, चालवून घे. शाळा मी पाहिली ती बाहेरून, गुरं वळताना. वाचायला शिकले ती माझ्याच पोरांच्या पुस्तकात बोट घालून, त्यातही आकडे आधी आले, अक्षरं मागून.

लोक म्हणतात माणूस सोळाव्या-सतराव्या वर्षी मोठं होतं. मी तेव्हा झाले नाही. तेव्हा फक्त लग्न झालं. मोठी झाले ती तीन लेकरं झाल्यावर, कानामागे पांढरं दिसायला लागल्यावर, ज्या हिवाळ्यात आमच्या गावात जीपीएसचं मशीन आलं त्या हिवाळ्यात. तोवर मी कुणाची लेक, कुणाची वहू, कुणाची आई होते. त्या हिवाळ्यात गावाने पहिल्यांदा मला माझ्या नावाने हाक मारली, आणि त्याच हिवाळ्यात मी तुझ्या आजीचं वाटोळं केलं. दोन्ही एकाच मशीनने झालं.

आमचं घर तू पाहिलंस ते सिमेंटचं. तेव्हाचं बांबूच्या कुडाचं होतं, शेणाने सारवलेलं, वर नळ्याची कौलं. उजवीकडे गुरं, डावीकडे आम्ही, मधे एकच चूल. चुलीवर हुकूम रेवाचा, म्हणजे तुझ्या आजीचा. ती माझी मोठी जाऊ, मी तिला मोठीबाय म्हणायचे. पहाटे मी डोळे उघडायच्या आत तिच्या हातांचा थपथप आवाज येई, नागलीची भाकरी दोन तळव्यांत फिरवत थापायची ती, पाटावर कधी नाही. उडदाची डाळ, लसणाचा ठेचा, ओढ्यातले खेकडे मिळाले तर निखाऱ्यात भाजलेले. जेवताना आवाज तिचाच मोठा, हसणं तिचंच मोठं. नवरा गेलेली बाई इतकं हसते कशी, असं बाजाराला जाताना बायका कुजबुजायच्या. तुझा आजोबा, धर्मा, भाताच्या खाचरात वीज पडून गेला होता. त्याच्या आठवणीचा दगड ओढ्यापलीकडच्या वरल्या शेतात उभा केला. ते शेत त्यानेच झुडपं काढून कसायला आणलेलं. त्याच्यामागे रेवाने ते एकटीने कसलं, नागली आणि तूर. "हे माझं," म्हणायची, "बाकीचं तुमचं सगळ्यांचं, हे माझं एकटीचं." घरात आम्ही आमची कोकणी बोलायचो, समुद्राकडची नव्हे, इथली डोंगरातली, इथे मी ते मराठीत करून लिहितेय, म्हणजे तुला आणि तुझ्या मैत्रिणींनाही कळेल.

जंगलात पिढ्यान् पिढ्या कसलेली जमीन कागदावर आपल्या नावाने करून देणारा कायदा आला होता. दावा लावायचा, मग शेताच्या कडेने मशीन घेऊन चालायचं, मशीन शेताचा आकार काढतं, तो आकार तालुक्याच्या कार्यालयात जातो. पण चालणार कोण? पुरुष सगळे बारडोलीकडे ऊसतोडीला गेलेले. माझा नवरा, म्हणजे तुझा चुलत आजोबा, तोही गेलेला. गावात उरलो बायका, म्हातारे आणि शेळ्या. शिकवायला आली एक वैशाली मॅडम, सारंगखेड्याकडची, वयाने माझ्या थोरलीएवढी. बैठकीत मराठी बोलायची आणि चिडली की तिच्या घरची अहिराणी. तिने विचारलं, आकडे कुणाला वाचता येतात? रेवाने माझा हात धरून वर केला. मी खाली ओढत होते, ती वर.

मशीन मक्याच्या कणसाएवढं, पिवळं, पोटात दोन पेन्सिल सेल. काड्यापेटीएवढ्या पडद्यावर काळ्या पट्ट्या भरत जायच्या. प्रत्येक पट्टी म्हणजे आभाळात फिरणारा एक उपग्रह, चार तरी भरल्या की मगच चालायचं. पहिल्या दिवशी हातातून पडेल म्हणून मी ते पदराखाली घट्ट धरलं. पट्ट्या काही भरेनात. मॅडम ओरडली, "पदरमा काबर लपाडस वं? आभाय देखू दे ना त्याले!"

"दाखव गं त्याला आभाळ," रेवा मागून म्हणाली. "नवऱ्याला कधी दाखवलं नाहीस, याला तरी दाखव."

शाळेचं मैदान हसलं. मी लाजेने लाल, पण हात बाहेर काढला आणि पट्ट्या एकेक करून भरल्या. तो क्षण मला अजून आठवतो. वर काही दिसत नव्हतं, निव्वळ निळं, आणि तरी तिथून कुणीतरी मला ओळखत होतं, की ही बाई इथे उभी आहे.

मग मॅडमने एक खेळ लावला. सागाच्या झाडीत शेव-मुरमुऱ्यांचा स्टीलचा डबा लपवला, त्या जागेचे आकडे मशीनमध्ये घातले आणि म्हणाली, शोध. पडद्यावर बाण. मी उभी राहून बाणाकडे बघते तर तो वेड्यासारखा गरागरा फिरतोय. दहा मिनिटं मी तिथेच. शेवटी कळलं, उभं राहिलं की त्याला दिशा कळत नाही, चालायला लागलं की तो शहाणा होतो. चाललो. अंतर कमी होत गेलं, साठ, तीस, बारा. डबा सापडला तेव्हा मुंग्या आधी पोचल्या होत्या. रेवाने मुंग्या फुंकून पहिली मूठ स्वतःच्या तोंडात टाकली, म्हणाली, "शोधलं तिने, खाणार मी, मोठी कोण?" आता तुझ्या फोनवर निळा ठिपका आपोआप येतो आणि बाई बोलून सांगते, डावीकडे वळा. तुला हे हसू येईल. पण मला त्या डब्याएवढी ऐट पुढे कशाचीच आली नाही.

सरावाला मशीन घरी मिळालं. मी घराची खूण त्यात साठवून रोज कुठूनतरी परत यायचे. एका सकाळी सरपण घेऊन येताना डोंगराच्या धारेवर असं धुकं पडलं की पुढची मोळीवाली दिसेना. मी मोठ्या दिमाखात मशीन काढलं आणि बाणामागे निघाले. रेवाने मागून माझा अंबाडा धरून खेचलं. पायापुढे हातभरावर कडा होता, खाली ओढ्याचा आवाज. "बाणाला पंख असतील, तुला नाहीत," ती म्हणाली, आणि वरून एक चापटही दिली. मॅडमला सांगितलं तर ती हसली नाही. म्हणाली, "देख सेवंतीबाई, हाई यंत्र तुन्हा पाय लिखस, तुन्हं वावर नही. पाय चुकना त कागद चुकना." हे मी नीट ऐकलं होतं, मीनू. मला कुणी सांगितलं नव्हतं असं मला म्हणता येत नाही.

एकेक करत गावातली शेतं झाली. लोक बोलवायला यायचे, सेवंती आहे का, सेवंती कधी येईल. मग आमची पाळी आली. दावा डोशाच्या नावाने, डोसा म्हणजे माझा सासरा, तुझा पणजोबा, वाकलेला पण पायाने पक्का. आमच्या घरात शीव चालायची एक रीत होती. घरातला सगळ्यात म्हातारा पुढे चालायचा, हातात पळसाच्या पानाच्या द्रोणात मोहाची दारू, प्रत्येक कोपऱ्यावर थोडी सांडायची. बाकीचे मागे, आणि फेरी पुरी होईपर्यंत कुणी बोलायचं नाही. पुढच्याला मागून टोकलं तर शीव हलते, असं मानायचे. बापाच्या पाठीमागे डोसा असाच चालला होता, त्याचा बाप त्याच्या बापामागे. मशीन आलं म्हणून रीत मोडायचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही. डोसा पुढे, त्याच्या मागे मशीन घेऊन मी, माझ्यामागे तालुक्याहून आलेला मोजणीचा माणूस आणि गावातले दोन म्हातारे. रेवा नव्हती. पाहुण्यांसाठी ती घरी कोंबडी शिजवत होती, भात आणि भाकऱ्या करत होती.

खालची खाचरं झाली, मोहाचं झाड झालं, आंब्याचा कोपरा झाला. कोपऱ्यावर मी थांबायचे, बोट दाबायचे, डोसा दारू सांडायचा, पुढे. मग ओढा आला. पलीकडे वर रेवाची तूर वाऱ्यावर हलत होती आणि तिच्या मधोमध धर्माचा दगड. ओढा ओलांडून वर चढायचं आणि तुरीच्या पलीकडून फिरून खाली यायचं, तशी शीव. पण आपल्याआधी गेलेल्या लेकराच्या दगडाकडे बापाने पाय टाकायचा नाही, हेही आमच्या घरात होतं. धर्मा गेल्यापासून डोसा त्या शेतात एकदाही गेला नव्हता. मला हे माहीत होतं. घरात सगळ्यांना माहीत होतं. आणि तरी त्या दिवशी पुढे कोण चालणार, हा प्रश्न आम्हा कुणाला पडला नाही, कारण पुढे डोसाच चालणार.

तो ओढ्याच्या काठावर थांबला. मान खाली. वर बघितलं नाही. द्रोणातली थोडी दारू पाण्यात सोडली आणि ओढ्याच्या अलीकडूनच, काठाकाठाने, खाली वळला. माझ्या हातात मशीन टिकटिक करत रेघ ओढत होतं. पडद्यावर बारीक काळी रेघ ओढ्याशी वळलेली मी पाहिली. मोजणीच्या माणसाला काय ठाऊक? तो पहिल्यांदाच आलेला, म्हातारा चालतोय म्हणजे शीव तीच. गावातल्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि जमिनीकडे पाहिलं. टोकायचं मीच होतं. खोकले असते तरी डोसा थांबला असता. मी मनात म्हटलं, फेरी पुरी होऊ दे, मग सांगू. आणि त्याच्या पाठोपाठ वळले.

फेरी जिथून निघालो तिथे येऊन मिळाली, मशीन वाजलं. डोसा बांधावर बसला, घाम पुसला. आता बोलायला मोकळीक होती. त्याने माझ्याकडे पाहून विचारलं, "झालं ना वहू, बरोबर?"

घरातून कोंबडीच्या रश्शाचा वास येत होता. मोजणीचा माणूस वही मिटत होता. दाराशी रेवा हात पुसत उभी, आम्हाला बोलवायला आलेली. मी म्हटलं, "झालं, बाबा."

का म्हटलं, ते मी इतकी वर्षं स्वतःला विचारतेय. चारचौघांत सासऱ्याला चुकलास म्हणायची लाज, हे एक. दुसरं सांगायला जास्त जड जातं. त्या हिवाळ्यात माझं एकही शेत चुकलं नव्हतं. सगळे म्हणायचे सेवंतीचं काम पक्कं. पहिलं चुकलेलं शेत माझ्याच घरचं निघावं, हे मला सोसवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटी मशीन घेऊन ओढ्यापलीकडे गेले. चपला काढल्या, धर्माच्या दगडाला हात लावला. वरल्या शेताच्या चारही कोपऱ्यांवर उभी राहिले, पट्ट्या भरायची वाट पाहिली, आणि आकडे धाकट्याच्या गणिताच्या वहीच्या शेवटच्या पानावर उतरवले. दगडाचेही उतरवले. दुपारी वैशाली मॅडम मशीन न्यायला आली, पुढच्या गावाला द्यायचं होतं. सगळ्या बायकांसमोर तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "सर्व बरोबर शे ना वं?" वही माझ्या कमरेला खोचलेली होती. मी मान हलवली. जीप गेली. वही मी नागलीच्या कणगीमागे सरकवली, म्हटलं, तालुक्याला जाईन तेव्हा देईन. तालुक्याला मी गेलेही, मिरच्या आणायला, चादर आणायला. वही नेली नाही.

दोन पावसाळे गेल्यावर कागद आला. शिक्का, डोशाचं नाव, आणि मागे नकाशा. नकाशातलं आमचं शेत एका बाजूने चावलेल्या भाकरीसारखं दिसत होतं. रेवा चुलीपुढून उठून आली, हाताला पीठ तसंच. "वाच गं, वरलं आलं का माझं?" ती कागदाला हात लावत नव्हती, मळेल म्हणून. मी म्हटलं, "आलंय." तिने डोशाच्या पाया पडून घेतलं, मग माझ्या तोंडावरून पिठाचा हात फिरवला. त्या रात्री तिने गोड भात केला, आणि मी तो खाल्ला.

पुढच्या वर्षी पावसाआधी वरल्या शेतावर चर खणायला जंगलखात्याची माणसं आली. झाडं लावायची होती. मजूर आसपासच्या गावांतलेच, आपल्यासारखेच, रोजंदारीवर आलेले. रेवा नागलीचं बी घेऊन गेली होती. त्यांच्यातल्या एकाने बिचाऱ्याने नकाशा उलगडून तिला दाखवला, काकी, ही रेघ बघा, ओढ्याच्या अलीकडे तुमचं, पलीकडे नाही. ती बी तसंच घेऊन परत आली. डोक्यावरची टोपली उतरवली नाही, उंबऱ्यात उभी राहून मला म्हणाली, "ते म्हणतात माझं नाही. तू वाचलं होतंस ना?"

मी काय केलं माहीत आहे? धावत जाऊन कणगीमागून वही काढली. मला वाटलं वही दाखवली की सगळं सुटेल. "हे बघ मोठीबाय, यात चारही कोपरे आहेत, आपण उद्याच तालुक्याला जाऊ."

तिला आकडे येत नव्हते. तरी तिने पानाकडे बराच वेळ पाहिलं. "हे कधीचं?"

"मोजणीच्या दुसऱ्या दिवसाचं."

"दगडपण लिहिलास?"

"हो."

"म्हणजे तू त्याच्यापाशी उभी राहून आलीस," ती हळू म्हणाली, तिचा आवाज एवढा हळू मी कधी ऐकला नव्हता, "आणि घरी येऊन माझ्या हातची भाकरी खाल्लीस. रोज."

डोसा खाटेवर होता, त्याने सगळं ऐकलं. संध्याकाळी त्याने मला जवळ बोलवलं. रागावला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, "मला टोकायचं होतंस, वहू. शीव हलली असती तर हलू द्यायची होती." त्यानंतर तो ओढ्याकडे जाऊन बसायला लागला, अलीकडच्या काठावर, आणि त्याच पावसाळ्यात गेला.

रेवाने भांडण केलं नाही. आठ दिवस भाकऱ्या केल्या, माझ्याही केल्या, फक्त माझ्याशी बोलली नाही. मग एक पेटी घेऊन नवापूरला जाऊन सुरतेची गाडी धरली, तुझ्या आईकडे. तू तेव्हा दुसरीत होतीस. तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत ती किती वर्षं राहिली ते तुला माहीत आहे, मला माहीत नाही. मी दोनदा आले होते भेटायला. दोन्ही वेळा तिने मला पाणी दिलं, 'ही माझ्या लेकीची' म्हणून तुला पुढे केलं, आणि खिडकीशी जाऊन बसली. तुझी आई म्हणते शेवटी ती हसायचीसुद्धा. तिची राख तिकडेच तापीत सोडलीत. तिचा दगड धर्माशेजारी उभा राहायला हवा होता, पण तिथे आता तारेचं कुंपण आहे.

वही घेऊन मी तालुक्याला गेले, तिथून मोठ्या कार्यालयात गेले. ती वेळ निघून गेली म्हणाले, अपील करा म्हणाले. मी केलं. कागद हरवले, पुन्हा केलं. साहेब बदलले, पुन्हा सांगितलं. दर वेळी पहिला प्रश्न हाच, आकडे होते तर तेव्हाच का दिले नाहीत? मी खरं सांगते. ते लिहून घेत नाहीत, त्याला रकाना नसतो. मागच्या महिन्यात पत्र आलं, भातकापणी झाली की फेरतपासणीला येणार आहेत. मिळेलच असं नाही, मीनू. झाडं माझ्या दुप्पट उंच झालीत, त्यांच्या सावलीत आता नागली येणार नाही. मी तुला आशा लावत नाही. पण जमीन जिने कसली तिच्या घरचं कुणी उभं हवं, असं पत्रात आहे, आणि तुझ्या आईने त्या शेताचं नाव काढू नका म्हणून फोन ठेवला. तिचं बरोबर आहे. राहता राहिलीस तू.

आणि पत्र नसतं आलं तरी मी हे लिहिलंच असतं. तुझ्या आजीचं शेत ना डोशाने घालवलं, ना मशीनने. माझ्या एका 'झालं, बाबा'ने ते गेलं, आणि एका 'आलंय'ने. आता तुला कळलं. रागाने ये, चालेल. माझ्या घरी उतरायचं नसेल तर शाळेत उतर, मी चावी मागून ठेवते. माझ्याशी बोलू नकोस हवं तर, मी तुला फक्त वाट दाखवेन आणि मागे उभी राहीन. पण कापणीपर्यंत थांबू नकोस. सुट्टी मिळाली की निघ, सकाळच्या गाडीने निघ, लवकर ये.